आधी अंदाज, मग प्रयोग

विज्ञानाचा तास रंगला की नाही, हे ठरवायची आपली पद्धत जरा फसवी आहे. मुलं हसली, टाळ्या वाजल्या, फुगा फुटला, शेजारच्या वर्गातली पोरं डोकावून गेली, म्हणजे तास झकास. त्याच मुलांना दुसऱ्या दिवशी विचारा, काल काय झालं? ‘सरांनी फुगा फोडला.’ का फुटला? वर्ग चिडीचूप. याउलट एखाद्या तासाला कुणी हसत नाही, दोघं-तिघं हुज्जत घालत असतात, घंटा झाली तरी एखादी मुलगी वहीतून डोकं वर काढत नाही, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या पर्यवेक्षकांना वाटतं की या वर्गाला शिस्त नाही. माझं मत विचाराल तर हा दुसरा तास चांगला.

विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी हा लेख आहे आणि त्यात मला एकच गोष्ट पटवायची आहे. मुलाचा स्वतःचा अंदाज पणाला लागलेला असेल तेव्हाच त्याचं लक्ष टिकतं. आपल्याकडचा रूढ क्रम याच्या बरोबर उलट आहे. आधी नियम फळ्यावर, मग तो नियम खरा ठरवणारा प्रयोग, मग ‘पाहिलंत ना?’ आणि त्यावर सगळ्या वर्गाचा एका सुरातला होकार. यात मुलाला करण्यासारखं काही उरतच नाही. निकाल आधीच जाहीर झालेला सामना कोण बघत बसेल? ज्याने पैज लावली आहे तो मात्र शेवटच्या चेंडूपर्यंत जागचा हलत नाही.

म्हणून साहित्य टेबलावर मांडा, काय करणार आहात ते सांगा, आणि करायच्या आधी थांबा. ‘आता काय होईल? प्रत्येकाने वहीत लिहा. आणि तसंच का होईल, तेही एका ओळीत.’ लिहून झाल्याशिवाय प्रयोग नाही. ऑस्ट्रेलियातले रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण अशा तीन पायऱ्यांत ही पद्धत मांडली होती. सोपी दिसते, पण पहिल्या पायरीवर थांबायला शिक्षकाला फार जड जातं. हात शिवशिवत असतात.

एक तास सविस्तर पाहू. विषय साधा लंबक. सातवी-आठवीचा वर्ग, प्रयोगशाळा नाही, पस्तीस मिनिटं. साहित्य म्हणजे मजबूत दोरा, चार-पाच लोखंडी नट, मीटरपट्टी आणि सेकंद मोजणारा मोबाइल. दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडाला खालून एक खिळा ठोका आणि दोरा तिथून दाराच्या मोकळ्या जागेत सोडा. भिंतीला घासत नाही, सगळ्या वर्गाला दिसतो, आणि मध्येच कुणी सूचनावही घेऊन आत येत नाही.

दोरा खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर ठेवा. थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि दहा झोके मोजा. जाऊन परत आलं की एक झोका. साधारण दहा सेकंद लागतात. आता प्रश्न विचारा, एका नटाऐवजी तीन नट लावले तर? वेळ कमी, जास्त की तेवढाच? फळ्यावर तीन रकाने करा आणि हात मोजून आकडे लिहा. कुठल्याच रकान्यात हात वर न करणाऱ्याला प्रेमाने पण ठामपणे उभं करा. ‘माहीत नाही’ हा रकाना ठेवू नका. बहुतेक वर्गांत ‘जड झाला, म्हणजे जोरात येईल’ असं म्हणणारा गट मोठा असतो. ‘जड आहे, म्हणजे हळू’ असा दुसरा गटही असतो. दोन्ही गटांना आपलं म्हणणं मांडू द्या. चेहरा कोरा ठेवा, कारण मुलं उत्तर शिक्षकाच्या भुवयांवरून वाचण्यात पटाईत असतात.

मग शेजाऱ्याशी बोलायला एक मिनिट द्या आणि पुन्हा हात मोजा. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून मोठ्या वर्गांत हेच केलं. आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत द्यायचं. शेजाऱ्याला नुकतंच कळलेलं असतं, त्यामुळे कुठे अडतं ते त्याला आठवत असतं. आपल्याला ते आठवेनासं होऊन वीस वर्षं झालेली असतात. एवढंच की प्रश्न मधल्या अवघडपणाचा हवा. सगळ्यांना येणारा आणि कुणालाच न येणारा, दोन्ही प्रश्न वाया जातात.

आता तीन नट लावा. इथे एक बारकावा आहे. तिन्ही नट एकाच गाठीत, एकाच पातळीवर आले पाहिजेत. एकाखाली एक माळ केलीत तर लंबकाची लांबीच वाढते आणि वेळ बदलतो. नटांऐवजी अर्धी भरलेली पाण्याची बाटली घेतली तरी हाच घोटाळा होतो. झोके मोजा. पुन्हा दहाच सेकंद. इथे वर्गातून जो आवाज येतो, तो फुगा फुटल्यावर येतो त्यापेक्षा वेगळा असतो. त्यात थोडी नाराजीही असते.

खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे. ‘दहा झोक्यांना दहाऐवजी वीस सेकंद लागायला हवेत. दोरा किती लांब घेऊ?’ सगळा वर्ग एकमुखाने ओरडतो, पन्नास! दुप्पट वेळ, दुप्पट दोरा. पन्नास घ्या. चौदा सेकंद लागतात. मुलं म्हणतात, सर, नीट मोजा. नीट मोजायला त्यांनाच बोलवा. पुन्हा चौदा. पंचाहत्तर? साडेसतराच्या आसपास. मग कुणीतरी शंभर म्हणतं आणि वीस सेकंद येतात. इथे सूत्र सांगायची घाई करू नका. फळ्यावर फक्त लांबी आणि वेळ यांचा तक्ता राहू द्या आणि घंटा होता होता विचारा, ‘तीस सेकंद लागायला दोरा किती हवा?’ उत्तर सव्वादोन मीटर. ते वर्गात मावत नाही, जिन्याच्या कठड्यावरूनच सोडून बघावं लागतं. मधल्या सुट्टीत जिन्यात गर्दी दिसली तर तास साधला. लंबकाचा अभ्यास करणारा गॅलिलिओ कधी जन्मला आणि त्याने काय काय केलं, हे यानंतर सांगा. आता त्यांना त्या माणसात रस असतो.

या पद्धतीसाठी महागडं साहित्य लागत नाही. ज्याबद्दल मुलांचं आधीच ठाम आणि चुकीचं मत आहे, अशी गोष्ट शोधावी लागते, आणि अशा गोष्टी घरोघरी सापडतात. आजोबांचा जवळचं वाचायचा चष्मा आणायला सांगा, मात्र दुहेरी काचेचा नको. नंबर अधिक दोन असेल तर त्या भिंगाचं नाभीय अंतर ५० सेंटिमीटर असतं. वर्गातले दिवे बंद करा, उजेडाच्या खिडकीसमोर भिंग धरा आणि मागे अर्ध्या मीटरवर पांढरा कागद. खिडकीची उलटी प्रतिमा कागदावर उमटते. झाडाचं पान हललं तर कागदावरही हलतं. यावरच मुलं खूश होतात, पण थांबू नका. पुठ्ठा हातात घ्या आणि विचारा, ‘भिंगाचा अर्धा भाग या पुठ्ठ्याने झाकला तर?’ जवळजवळ सगळे लिहितात, अर्धी खिडकी दिसेल. झाका. खिडकी पूर्ण दिसते, फक्त अंधूक होते. दहावीला किरणाकृती तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा इथे गोंधळतात. आकृतीत दोन-तीनच किरण काढायची सवय लागलेली असते. प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागांतून जातात, हे कधी डोळ्यासमोर आलेलंच नसतं. (भिंग हातात असलेल्या कुणीही सूर्याकडे बघायचं नाही, हे वाटप करायच्या आधीच सांगा, नंतर नको.)

उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं, हा प्रश्न तर शिक्षकांच्या बैठकीतही विचारून बघण्यासारखा आहे. ‘हवा’ हे उत्तर हमखास येतं. सुरुवातीला दिसणाऱ्या बारीक बुडबुड्यांत पाण्यात विरघळलेली हवा असते, हे खरं. पण खळखळून उकळताना वर येणारे मोठे बुडबुडे पाण्याच्याच वाफेचे असतात. तिथून तव्यावरच्या भाकरीकडे या. ती कशाने फुगते? पिठातल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. काठ फाटलेली भाकरी का फुगत नाही, हे मग मुलंच सांगतात.

इथे एक धोक्याची सूचना. पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती पेटवून वर पेला उपडा घालायचा प्रयोग सर्वांना माहीत आहे. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं. ऑक्सिजन संपला, त्याची एक पंचमांश जागा पाण्याने घेतली, असं स्पष्टीकरण कित्येक गाइडांत छापलेलं असतं. ते बरोबर नाही. मेणबत्ती पेल्यातला सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच विझते. पाणी चढतं ते मुख्यतः आतली तापलेली हवा विझल्यानंतर थंड होऊन आकुंचन पावते म्हणून. नीट पाहिलं तर पाणी ज्योत जळत असताना फारसं चढत नाही, विझल्याबरोबर सरसर चढतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवून पाहा. पेला तोच, म्हणजे ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त वर जातं. ‘ऑक्सिजन तर तेवढाच होता, मग असं का?’ हा प्रश्न वर्गाला द्या आणि बाजूला व्हा. चुकीचं स्पष्टीकरण पाठ करून घेण्यापेक्षा ते मुलांकडूनच मोडून घेण्यात जास्त विज्ञान आहे. केस मोकळे असलेल्या मुलींना आणि ओढणीवाल्यांना मेणबत्तीपासून हातभर लांब ठेवा.

प्रयोग फसला तर? फसणारच. दोरा तुटेल, बल्ब लागणार नाही, आकडा भलताच येईल. अशा वेळी ‘असं यायला हवं होतं, लिहा’ म्हणणं सगळ्यात वाईट. त्या एका वाक्याने मुलाला कळतं की डोळ्यांपेक्षा पुस्तक मोठं. कुठे बिनसलं असेल याची यादी वर्गाकडून करवून घ्या, वेळ असेल तर पुन्हा करा, नसेल तर आलेला आकडा तसाच वहीत राहू द्या.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली आणि १९७४ मध्ये मांडलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. मग स्वतः उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला उभं करतात. तेच तीन सेकंदांहून जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलायला लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. उद्या वर्गात मोजून बघा, युगासारखे वाटतील. पहिल्या बाकावरच्या त्याच दोघांचे हात तोवर हवेत नाचत असतात. त्यांच्याकडे बघून हसा आणि थांबा. आणि नाव प्रश्नाच्या आधी घेऊ नका. ‘सुनीता, सांग, बाष्पीभवन म्हणजे काय?’ म्हटलं की बाकीचे एकोणसाठ जण सुटले.

‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र कायमचा सोडून द्या. त्याला एकच उत्तर असतं आणि ते पहिलीपासून पाठ असतं. समजलं की नाही हे बघायचं असेल तर धड्याबाहेरचा प्रश्न विचारा. बाष्पीभवन शिकवून झालं? मग विचारा, नागपुरात मे महिन्यात कूलर खोली गार करतो, तोच कूलर मुंबईत आणला तर का करत नाही? विदर्भातल्या मुलांना असं विचारा की पहिले पाऊस पडले की कूलरसमोर बसून घाम का येतो? रत्नागिरीच्या मुलांना माठाबद्दल विचारा, माठातलं पाणी कुठल्या महिन्यात गार होतं आणि कुठल्या महिन्यात नुसतंच माठातलं पाणी राहतं? हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर आणखी पाण्याची वाफ सावकाश होते, आणि वाफ होणं मंदावलं की गारवाही घटतो. हे मुलांनी आपल्या शब्दांत सांगितलं म्हणजे धडा झाला. प्रश्न गावागणिक बदलला पाहिजे. पुण्यात छापलेल्या प्रश्नसंचात धडगावच्या मुलाचा उन्हाळा सापडणार नाही.

काही प्रश्न असे असतात की त्यांच्यावर अख्खा आठवडा निघतो. ‘चिंचेच्या झाडाचं एवढं वजन कुठून आलं?’ मातीतून, असं जवळपास सगळे म्हणतात. मग त्यांना सतराव्या शतकातल्या व्हॅन हेलमाँट या संशोधकाची हकिकत सांगा. त्याने २०० पौंड माती कुंडीत भरली, पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती घटली फक्त दोन औंस. त्याचं हे लेखन १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. मोजमाप काटेकोर, निष्कर्ष अपुरा! हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता. त्याची चूक मुलांना शोधायला लावा. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या या शोधाच्या शेवटी फळ्यावर आली तर तिला काही अर्थ असतो, आणि पाठही लवकर होते.

साठ-सत्तर मुलं, एकच टेबल, कुलूपबंद कपाटात धूळ खाणाऱ्या परीक्षानळ्या, अशा वर्गात हे कसं करायचं, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर मध्य प्रदेशात मिळालं होतं. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातल्या साध्या सरकारी शाळा. मुलं टोळ्या करून प्रयोग करत, ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या पुस्तकात तयार उत्तरं नसत, परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा असे. ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला मुलं पत्रं लिहून प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं जात. राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षं तो चालला हेही खरं. पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून घनाकृती आणि रेणूंचे सांगाडे करायला लागले. त्यांची टाकाऊतून केलेली खेळणी पुढे देशभर पोचली. त्यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवाद इंटरनेटवर फुकट मिळतात. ते उतरवून घ्या आणि वर्गात ठेवा.

चार-चार जणांचे गट करा. पाच नकोत, पाचवा नेहमी खिडकीबाहेर बघतो. साहित्य हाताळणारा, मोजणारा, लिहिणारा आणि ‘असं का?’ विचारणारा अशी कामं वाटून द्या आणि दर वेळी फिरवा. फिरवणं सक्तीचं, कारण आपोआप सोडलं तर मुलगे साहित्यावर झडप घालतात आणि मुली सुवाच्य अक्षरात निरीक्षणं लिहीत बसतात. वर्षभर असं चाललं की दहावीच्या प्रात्यक्षिकाला त्या मुलीचे हात थरथरतात, आणि आपण म्हणतो, मुलींना विज्ञानाची भीती वाटते.

गटकामाला हळदीच्या कागदासारखं साहित्य नाही. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावा, सावलीत वाळवा, बोटभर रुंद पट्ट्या कापा. साठ मुलांचं साहित्य एका संध्याकाळी आणि काही रुपयांत होतं. साबणाचं पाणी लावलं की पट्टी लाल. शर्टावर पडलेला वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, हे प्रत्येकाने घरी पाहिलेलं असतं, पण विज्ञानाच्या पुस्तकाशी त्याचं काही नातं आहे असं कुणाला वाटलेलं नसतं. लाल पट्टीवर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी. इथवर सगळेच करतात. पुढचा प्रश्न असा: ‘लिंबाच्या रसाने पट्टी पिवळीच राहिली, साध्या पाण्यानेही पिवळीच राहिली. मग लिंबू आम्ल आहे हे हळदीने सिद्ध झालं का?’ झालं नाही. हळद आम्लारी ओळखते. आम्ल आणि उदासीन पदार्थ यांतला फरक तिला कळत नाही. मग दुसरा दर्शक शोधायला मुलं स्वतःच निघतात. शाळेच्या कुंपणाला जास्वंद असेल तर पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. तो अर्क आम्लात गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. घरून टूथपेस्ट, ताक, चिंचेचा कोळ, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी असं काय काय येतं. शौचालय साफ करायचं आम्ल मात्र कुणी आणायचं नाही आणि चव कशाचीही घ्यायची नाही, एवढा दम आधी भरून ठेवा.

स्मार्टबोर्डाबद्दल फार लिहीत नाही. जे वर्गात दाखवता येत नाही त्यासाठी तो उत्तम: धडधडणारं हृदय, ज्वालामुखी, अंतराळस्थानकात तरंगणारा पाण्याचा थेंब. पण पाणी वर्गात असताना पाण्याचा व्हिडिओ दाखवू नये. व्हिडिओ दाखवलात तरी निकालाच्या दोन सेकंद आधी थांबवा आणि अंदाज लिहायला सांगा. सलग पाहिलेला व्हिडिओ मुलांसाठी विश्रांती असतो.

वहीचं काय करायचं? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, हा साचा मोडायची गरज नाही, परीक्षेला तो लागतो. फक्त ‘कृती’नंतर एक ओळ वाढवा: माझा अंदाज. ती पेनाने लिहायची, खोडायची नाही, आणि अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत. शेवटी आणखी एक ओळ, अंदाज का चुकला. या दोन ओळी वाचायला मिळतात म्हणून साठ प्रयोगवह्या तपासणं जरा सुसह्य होतं. एरवी साठही वह्यांत तोच मजकूर असतो, स्वल्पविरामासकट. आणि अंदाज मुलांना ज्या भाषेत सुचतो त्या भाषेत येऊ द्या. सेमी इंग्रजीच्या वर्गात इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या नादात विचारच गळून जातो. अहिराणीत भांडणाऱ्या गटालाही भांडू द्यावं. परिभाषा वादाच्या शेवटी आली तरी चालते.

सगळं एका तासात संपवायची गरज नाही. शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवा आणि आठवड्यातून एकदा, सावली सर्वांत आखूड होते त्या वेळी, तिची लांबी मोजायला एक गट पाठवा. पहिला धक्का वेळेचाच बसतो. पुण्यात डिसेंबरात सावली सर्वांत आखूड बाराला होत नाही, साडेबाराच्या सुमारास होते, कारण घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. नागपुरात हा फरक बराच कमी. २२ डिसेंबरला पुण्यात त्या काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते आणि मग आठवड्याआठवड्याने आखडत जाते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. पहिली वेळ मे महिन्यात, सुट्टीत. दुसरी जुलैचा मध्य ते ऑगस्टची सुरुवात या काळात, आणि तेव्हा आभाळ भरलेलं असतं! तरीही ढगांतून ऊन सापडतं का ते बघायला मुलं दप्तर टाकून धावतात.

हीच काठी ऋतूंच्या धड्यालाही उपयोगी पडते. १९८७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात नुकत्याच पदवीधर झालेल्यांना विचारलं होतं की उन्हाळा का येतो. बहुतेकांनी सांगितलं, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. त्यावर एक माहितीपटही निघाला. आपल्या वर्गातही हेच उत्तर येईल. मग सांगा की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, तुम्ही स्वेटर घालून शाळेत येता तेव्हा. आणि सावलीचा तक्ता काढायला सांगा.

उरला पोर्शन. ‘हे सगळं ठीक, पण पोर्शन कधी संपवायचा?’ प्रश्न खोटा नाही. घटक चाचण्या, सहामाही, सराव परीक्षा, निवडणुकीची कामं, नाना माहित्या भरणं, या सगळ्यातून विज्ञानाला उरतात ते तास मोजकेच. म्हणून प्रत्येक धडा असा शिकवा असं मी म्हणत नाही. काही धडे सरळ सांगून संपवावेत, त्यात पाप नाही. रोगांची नावं आणि त्यांचे जंतू यांचा अंदाज कुणी बांधायचा? पण ज्या धड्यातली कल्पना पुढे दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणजे दाब, घनता, उष्णता, प्रकाश, विद्युतप्रवाह, आम्ल-आम्लारी, तिथे दोन तास जास्त गेले तर ते पुढच्या वर्षी परत मिळतात. नववीत घनता पुन्हा मुळापासून शिकवण्यात किती तास जातात, ते तुम्हाला माहीत आहेच.

पाठ्यपुस्तकात ‘करून पहा’ अशा मथळ्याखाली दिलेल्या कृती असतात. अनेक वर्गांत त्या मोठ्याने वाचून पान उलटलं जातं. या आठवड्यात त्यातली एकच निवडा. आदल्या दिवशी घरी एकदा करून पाहा, म्हणजे ती कुठे दगा देते ते कळेल. मुलं काय होईल म्हणतील, याचा तुमचा स्वतःचा अंदाजही लिहून ठेवा. आणि मुख्याध्यापकांना सकाळीच सांगून ठेवा की चौथ्या तासाला आठवी ‘ब’मधून थोडा आवाज येईल.